घड्याळ जपायचं की चालवायचं?

जुन्या स्विस डायव्हर घड्याळांचा नाद ज्यांना लागला आहे, त्यांच्यात एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी १९५० ते १९८० च्या दरम्यान बनलेली ही घड्याळं एकेकाळी कामाची अवजारं होती. आज त्यांचे लिलाव होतात. वरवर अगदी एकसारखी दिसणारी दोन घड्याळं घेतली, तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट निघते. हा फरक दोन प्रश्नांमुळे पडतो. कारखान्यातून निघालं तेव्हाचं त्यात किती शिल्लक आहे? आणि आज ते कसं चालतं? संग्राहक पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, दुरुस्ती करणारा दुसऱ्यापासून.

हा वाद मी इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घातला आहे. मामांची उभी हयात मुंबईत घड्याळदुरुस्तीत गेली. भाची जुनी डायव्हर घड्याळं जमवते आणि इतरांना खरेदीआधी तपासून देते. दोघांचंही म्हणणं मला मनापासून पटतं, म्हणूनच त्यांना समोरासमोर बसवलं. मध्ये टेबलावर आहे रोलेक्स सबमरिनर, मॉडेल ५५१३, १९६७ च्या आसपासचं.

मामा : घड्याळ हातात आलं की मी आधी ते कानाला लावतो, चाल ऐकतो. तू आधी भिंगाखाली डायल धरतेस. आपल्या वाटा तिथेच फुटतात.

भाची : कारण चाल सुधारता येते, मामा. मशीन उघडलं, धुतलं, तेल घातलं की तुझ्यासारख्याच्या हाताखाली ते पुन्हा नीट चालायला लागतं. डायल एकदा बिघडवली की परत मिळत नाही.

मामा : तुझं खरं आहे. पण ही वस्तू कशासाठी जन्माला आली ते विसरू नकोस. १९५३ साली ब्लांपाँने ‘फिफ्टी फॅदम्स’ काढलं. कंपनीचा प्रमुख झाँ-झाक फिश्तेर स्वतः समुद्रात बुड्या मारायचा. पाण्याखाली वेळेचं भान सुटून टाकीतली हवा संपल्याचा अनुभव त्याने घेतला होता. त्याच सुमाराला रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे फ्रेंच अधिकारी लढाऊ डायव्हरांच्या नव्या तुकडीसाठी घड्याळ शोधत होते. त्यांना काय हवं होतं? काळी डायल, ठळक खुणा, अंधारात उजळणारे काटे आणि बाहेरून फिरणारी कडी. घड्याळाने दगा दिला तर माणूस वर यायचा नाही, असा सगळा मामला.

भाची : आणि त्या घड्याळाच्या प्रत्येक भागात तो विचार दिसतो. चावीतून पाणी शिरू नये म्हणून स्क्रूसारखी आवळायची चावी हा उत्तम उपाय होता, पण तिचं पेटंट रोलेक्सकडे. मग फिश्तेरने चावीला दोन-दोन गॅस्केट दिली. बेझल, म्हणजे ती फिरणारी कडी, चुकून फिरू नये म्हणून ते दाबल्याशिवाय हलणार नाही अशी सोय केली. पुढे लष्करासाठी केलेल्या काही घड्याळांच्या डायलवर सहाच्या वर एक छोटी गोल चकती आली; आत ओल शिरली की तिचा रंग बदलायचा. म्हणजे गॅस्केट फसलंय हे घड्याळ स्वतःच सांगायचं.

मामा : बेझलचं काम तर इतकं साधं की पोरालाही समजावं. पाण्यात उतरण्याआधी बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग खाली कितीही गोंधळ असो, मिनिटकाटा बेझलवरच्या ज्या आकड्यासमोर आहे तेवढी मिनिटं झाली. पुढे बेझल एकाच दिशेने फिरणारं झालं, तेही जिवाच्या भीतीने. धक्का लागून ते सरकलंच तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. आता तूच सांग, ज्या वस्तूचा कण न् कण कामासाठी घडवला, ती बंद पडलेली, गंजलेली, न उजळणारी तशीच पेटीत ठेवायची हा तिचा मान झाला का?

भाची : ते काम संपलं, मामा. १९८० च्या दशकात डायव्हिंग कॉम्प्युटर आले. खोली, वेळ, वर येताना कुठे किती थांबायचं, हे सगळं तेच सांगायला लागले. आज ५५१३ वर भरवसा ठेवून कुणी समुद्रात उतरत नाही. काम संपल्यावर वस्तूकडे उरते ती साक्ष. कुठल्या वर्षी कुठला रंग वापरत होते, अक्षरं कशी छापत होते, कुठला किरणोत्सारी पदार्थ बंद करून कुठला आणला, हे कागदावर फारसं मिळत नाही. ते या डायलवर मिळतं. तिच्यावर नवा रंग चढला की साक्षीदाराची जबानीच बदलली.

मामा : मग वाच बघू ही जबानी.

भाची : भिंग घे. डायल काळी आहे, पण चकाकी नाही, मॅट आहे. १९६६-६७ पर्यंत या मॉडेलला चकचकीत काळी डायल आणि सोनेरी अक्षरं असायची. त्यानंतर मॅट डायल आणि पांढरी अक्षरं आली. खोली लिहिलीय ‘२०० मीटर, ६६० फूट’, मीटर आधी. १९७० च्या सुमाराला हा क्रम उलटला आणि फूट आधी आलं. आता अगदी तळाला, सहाच्या खुणेखाली बघ. ‘स्विस’ या शब्दाशेजारी टी हे अक्षर आणि पंचवीसपेक्षा कमी असं सांगणारं चिन्ह. म्हणजे यात खुणा उजळवणारं ट्रिटियम आहे, २५ मिलिक्युरीपेक्षा कमी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडियम सोडून ट्रिटियमकडे वळले, त्याची ही खूण. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात, आणि पट्टा जिथे अडकतो त्या लगांच्या मधल्या नंबराशीही.

मामा : तो नंबर बघायला पट्टा काढावा लागतो. बाराच्या बाजूला मॉडेलचा नंबर, सहाच्या बाजूला त्या घड्याळाचा स्वतःचा. पट्ट्याची टोकं तिथेच घासतात, त्यामुळे अर्धे आकडे पुसट झालेले असतात. मी कितीतरी पाहिलेत.

भाची : पुसट चालतील. नव्याने कोरलेले चालणार नाहीत. आता ही अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारते. खुणा क्षणभर उजळल्या आणि टॉर्च बंद करताच मावळल्या. काट्यांचंही तसंच झालं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, १९६७ च्या घड्याळात मूळ ट्रिटियमचा पंचविसावा हिस्साही आता उरलेला नाही. डायल मावळली आणि काटे चमकत राहिले असते, तर काटे नंतरचे, किंवा त्यांच्यावर ल्युमिनोव्हा हा नवा उजळणारा रंग भरलाय असं समजायचं. खुणांचा रंग साय धरल्यासारखा पिवळसर आहे, आणि काट्यांचा त्याच्याशी मिळताजुळता. एवढं जुळलं की मी घड्याळ खाली ठेवून श्वास घेते.

मामा : झालं तुझं? आता माझी तपासणी बघ. मागचं झाकण उघडलं. आत ऑटोमॅटिक मशीन आहे. या मॉडेलला आधी १५३० आणि मग १५२० नंबरचं यायचं. रोटर बोटाने हळूच फिरव. दिसतंय? सरळ फिरत नाही, कलतोय. रोटरचा आस झिजलाय. असा रोटर खाली लोंबतो आणि घासत राहतो. हे बघ, झाकणाच्या आतल्या बाजूला अर्धगोल चरे पडलेत. घासून निघालेली धातूची पूड तेलात मिसळते, आणि ते तेल मग कानशीसारखं चाकांचे दाते खातं. टायमिंग मशीनवर ठेवलंस तर आज कदाचित वेळ बरा दाखवेल. पण आणखी काही वर्षं असंच चाललं, तर तुझ्या साक्षीदाराचं काळीज पोखरलेलं असेल. तुझ्या तपासणीत हे कुठे लिहितेस?

भाची : लिहिते, पण दुसऱ्या पानावर. आणि नवा आस घातलास तर कुठलाही समंजस संग्राहक कुरकुर करणार नाही. मेनस्प्रिंग, गॅस्केट, काच, आस हे झिजण्यासाठीच असतात. माझा हट्ट दर्शनी भागांचा आहे. डायल, काटे, बेझलची चकती, केस.

मामा : केसवर आलीसच तर ऐक. पॉलिश करणारा म्हणजे गुन्हेगार, असं तुम्ही लोक बोलता तेव्हा मला वाईट वाटतं. ग्राहक घड्याळ घेऊन यायचा आणि म्हणायचा, नव्यासारखं करून द्या. त्याच्या मुलाचं लग्न असायचं, किंवा बापाचं घड्याळ पोराला द्यायचं असायचं. ओरखडे घालवून, बफवर फिरवून, लखलखीत करून दिलं की त्याचा चेहरा उजळायचा. आमच्या कामाचं मोल त्याच्या चेहऱ्यावर होतं.

भाची : त्या चेहऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण धातूचं काय झालं ते बघ. ५५१३ च्या लगांना आरपार भोकं आहेत, पट्ट्याचे दांडे बसायला. नव्या घड्याळात ही भोकं कडेपासून पुरेशी आत असतात. दर पॉलिशला कडेचा धातू थोडा उतरतो आणि भोक कडेच्या जवळ सरकतं. लगांच्या वरच्या कडेला कारखान्यात तिरका छाट दिलेला असतो. दोन-तीन पॉलिशमध्ये तो गोल होतो, मग नाहीसाच. चावीच्या दोन बाजूंचे खांदे बारीक होतात. ओरखडा म्हणजे घड्याळ कुणीतरी घातलं होतं एवढंच. पॉलिश म्हणजे घड्याळाचा आकारच गेला. आणि आता तर लेझरने धातू भरून, लग नव्याने कापून, छाट पुन्हा काढून देतात. काम इतकं सफाईदार की भिंगालाही फसवेल.

मामा : म्हणजे वाईट काम केलं तरी तुला राग, आणि उत्तम काम केलं तरी राग.

भाची : काम केलं याचा राग नाही. केलंय हे न सांगता विकतात, त्याचा आहे.

मामा : हा शब्द लक्षात ठेव, मी त्याच्यावर परत येणार आहे. आधी मुंबईचं बोलू. जगभरचे संग्राहक एका शब्दाने आपल्या शहराला बट्टा लावतात.

भाची : ‘मुंबई स्पेशल’. लावतात, आणि कारण आहे. जुनं स्विस मशीन, त्याच्यावर नवी रंगवलेली भडक डायल, काटे तिसऱ्याच घड्याळाचे, चावी बाजारातली. फावर-लुबा असो की ओमेगा, अक्षरांची वळणं चुकलेली, खुणा वाकड्या. ‘जुनं, दुर्मीळ’ म्हणून परदेशातल्या नवशिक्याला विकलं जातं. तो पैसे गमावतो आणि मुंबईहून आलेल्या चांगल्या घड्याळावरही पुढे कुणी विश्वास ठेवत नाही.

मामा : विकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण डायल रंगवणाऱ्याची घेईन. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. बंगळुरूला एचएमटीने सिटिझनच्या मदतीने १९६१ पासून घड्याळं बनवायला घेतली, तोवर इथल्या लोकांच्या मनगटावर मुख्यतः परदेशी घड्याळं होती, आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. आपल्या दमट हवेत डायलला बुरशी यायची, रंग फुगायचा. नवी डायल मागवणार कुठून? मग जुनी खरवडून, रंग देऊन, शिक्क्याने नाव उमटवून ती पुन्हा बसवायची. त्यामुळे घड्याळ आणखी वीस वर्षं चाललं. चोर बाजारात आज त्यातलं एखादं दिसतं तेव्हा तू नाक मुरडतेस. मला त्यात कुणीतरी केलेली धडपड दिसते.

भाची : ती धडपड मी इतिहास म्हणून मान्य करते. रोज वापरायच्या साध्या घड्याळात ती शोभतेही. पण डायव्हर घड्याळात गोष्ट वेगळी आहे. फावर-लुबाचंच घे. १७३७ साली ल लोक्लला सुरू झालेली कंपनी, १८६५ पासून मुंबईत पाय रोवून उभी. आपल्या घराघरांत तिची साधी घड्याळं पोचली. पण हीच कंपनी १९६८ मध्ये ‘बाथी’ नावाचं घड्याळ काढते, जे वेळेबरोबर पाण्याची खोलीही काट्याने दाखवतं. बॅटरी नाही, काही नाही. आतला पडदा पाण्याच्या दाबाने दबतो आणि काटा सरकतो. अशा घड्याळाचा आकडे छापलेला भाग कुणी हाताने रंगवला आणि खुणा जराशा सरकल्या, तर ते घड्याळ खोलीबद्दल चक्क खोटं सांगेल. इथे मूळ छपाई हा सजावटीचा भाग नाही. ती मोजपट्टी आहे.

मामा : हे मात्र मला पटलं. मोजणारी वस्तू रंगवणाऱ्याच्या हाती द्यायची नाही. पण मग मोठ्या कंपन्यांचं काय? त्यांच्या स्वतःच्या सर्व्हिस सेंटरमध्येही जुनी डायल काढून नवी बसवत होतेच की.

भाची : बसवत होते, आणि त्याने झालेलं नुकसान मुंबईच्या डायलांपेक्षा मोठं आहे. ब्रिटिश नौदलाच्या डायव्हरांसाठी रोलेक्सने सबमरिनरची खास आवृत्ती दिली होती. तलवारीसारखे रुंद काटे, डायलवर वर्तुळात टी, बेझलवर साठही मिनिटांच्या खुणा, आणि पट्ट्याचे दांडे लगांमध्ये कायमचे पक्के केलेले, म्हणजे पाण्याखाली दांडा निसटून घड्याळ हरवायचं नाही. मागच्या झाकणावर सरकारी बाणाची खूण आणि ०५५२ ने सुरू होणारा नंबर. नौदलाने काढून टाकल्यावर ही घड्याळं सामान्य माणसांकडे गेली. ती दुरुस्तीला आली की ‘हे काटे भलतेच दिसतात’ म्हणून नेहमीचे काटे बसले, साधं बेझल बसलं. अस्सल भाग कंपनीचे, काम कंपनीचं, आणि तरीही घड्याळाचा सगळा पूर्वेतिहास पुसला गेला. आज ते तलवारी काटे असलेलं आणि नसलेलं, यांच्या किमतीत प्रचंड अंतर आहे.

मामा : आणि ते अंतर आहे म्हणून आज कुणीतरी तसे काटे घडवत बसलाय. आता मी तुझ्या शब्दावर परत येतो. न सांगता विकतात याचा राग, असं तू म्हणालीस. पण लपवायला शिकवलं कुणी? साध्या काट्यांचं घड्याळ आणि तलवारी काट्यांचं घड्याळ यांत एवढा पैशाचा खड्डा तुम्ही संग्राहकांनी खणलात. उन्हाने डायल काळीची तपकिरी झाली. आमच्या दृष्टीने ती खराब झालेली डायल. तुम्ही तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणून दुप्पट पैसे द्यायला लागलात. मग लोक डायल भाजायला लागले. तुमच्या मूळपणाच्या पूजेनेच बनावटीचा धंदा उभा केला.

भाची : याला माझ्याकडे तोंडावर उत्तर नाही, कारण त्यातला मोठा भाग खरा आहे. ओमेगाची गोष्ट तुला माहीत असेल. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या फिलिप्स लिलावात ‘स्पीडमास्टर २९१५-१’ एकतीस लाखांहून जास्त स्विस फ्रँकना गेलं. ते डायव्हर घड्याळ नव्हे, क्रोनोग्राफ. पण धडा तोच. डायल उन्हाने छान तपकिरी झालेली. घेणारं कोण, तर ओमेगाचं स्वतःचं संग्रहालय. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जुळवून उभं केलेलं घड्याळ होतं, आणि त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांच्याकडे सगळी दप्तरं, त्यांच्याच घरात हे घडलं. मग बाकीच्यांनी काय करायचं?

मामा : ‘सीमास्टर ३००’ चंही तसंच. ओमेगाचे अस्सल सर्व्हिस भाग गोळा करायचे, जुनं मशीन घालायचं, की १९६० च्या दशकातलं घड्याळ तयार. भागाभागाने तपासलंस तर प्रत्येक भाग खरा. घड्याळ मात्र त्या काळात कधी अस्तित्वातच नव्हतं.

भाची : म्हणून तर मी ‘खरं की खोटं’ हा प्रश्नच आता विचारत नाही. त्याने काही हाती लागत नाही. घड्याळ तपासून देते तेव्हा मी प्रत्येक भागापुढे चारपैकी एक नोंद करते. कारखान्यातून आलेला. त्याच काळात बदललेला. पुढे कधीतरी बदललेला. आणि सांगता येत नाही. ही चौथी नोंद लिहायला धीर लागतो, कारण विकणाऱ्याला ती नको असते आणि घेणाऱ्यालाही. पण प्रामाणिक तपासणीत ती असतेच.

मामा : मला ही पद्धत आवडली. कारण यात आमच्या कामाला जागा आहे. आम्ही बदललेला भाग हा डाग ठरत नाही, ती एक नोंद ठरते.

भाची : पण त्यासाठी तुमच्याकडून एक गोष्ट हवी होती, आणि ती तुम्ही कधी केली नाहीत. काढलेला जुना भाग ग्राहकाला परत देणं.

मामा : परत मागायचं कोण? जुने काटे, जुनी डायल ही आमच्या लेखी भंगार. बाकड्याच्या खणात पडायची आणि एक दिवस सगळं एकदम जायचं. आज विचार केला तर तुझं म्हणणं रास्त आहे. काढलेलं छोट्या पुडीत घालून, त्यावर तारीख लिहून, घड्याळाबरोबर द्यायला काय खर्च होता? नव्या मुलांना मी आता हेच सांगेन. पण माझीही एक अट आहे. तुमच्या त्या पेट्यांमध्ये घड्याळ वर्षानुवर्षं झोपवू नका. तेल सुकतं, गॅस्केटचं रबर कडक होतं. चालत्या घड्याळाचा दोष कानाला कळतो, बंद पेटीतल्या घड्याळाचा कुणालाच कळत नाही.

भाची : चालवावं, हे मान्य. पाण्यात घालावं का?

मामा : मुळीच नाही! इथे मी तुझ्याहून कडक आहे. डायलवर लिहिलेले २०० मीटर हे १९६७ च्या घड्याळाबद्दल आहेत, आजच्या नव्हे. दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो. आजच्या डायव्हर घड्याळांचं मानक, आयएसओ ६४२५, लिहिलेल्या खोलीच्या वर आणखी पंचवीस टक्के दाबाने घड्याळ तपासायला लावतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या केसमध्ये चावीची नळी झिजलेली असते, झाकणाच्या काठाला गंजाचे खड्डे असतात. आधी दाबाच्या यंत्रात कोरडी चाचणी करायची. ती पास झाली तरी हात धुताना घड्याळ काढून ठेवायचं. आणि डायल रेडियमची असेल तर झाकण घरी उघडायचंच नाही.

भाची : रेडियमबद्दल लोक फार गाफील असतात. न चमकणारी डायल म्हणजे निरुपद्रवी, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात चमकणारं झिंक सल्फाइड जळून गेलेलं असतं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं, ते आहे तिथेच आहे. गायगर काउंटर काचेवर धरला की लगेच बोलतो. ट्रिटियमच्या डायलवर तो गप्प राहतो, कारण त्याचे किरण काच ओलांडत नाहीत. तपासणीत मी हे पहिल्याच ओळीत लिहिते.

मामा : चांगलं करतेस. आता शेवटचं. हे घड्याळ आज मी उघडलंय, आणि मला एक गोष्ट दिसतेय जी तुला आवडणार नाही. मिनिटकाट्यातला ट्रिटियमचा थर भेगाळलाय. एक बारीक कण डायलवर सुटा पडलाय. उद्या असाच कण मशीनमध्ये गेला, बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगमध्ये अडकला, तर चाल बंद. आमच्या पद्धतीने मी जुना थर खरवडून काढला असता आणि नवा भरला असता. तुझ्या पद्धतीने हात लावायचा नाही. बोल, काय करू?

भाची : हात लाव, पण मागून. काटा काढ, उलटा धर, आणि थराच्या मागच्या बाजूने पारदर्शक चिकट लेप अगदी पातळ दे. पुढून पाहणाऱ्याला तोच पिवळसर रंग, त्याच भेगा दिसतील. फक्त कण सुटणार नाहीत.

मामा : म्हणजे देवाच्या मूर्तीला वज्रलेप देतात तसं. मूर्ती नव्याने घडवायची नाही, तिची झीज थांबवायची.

भाची : तसंच. आणि लेप दिल्याची नोंद करायची. काय वापरलं, कोणत्या तारखेला, कुणी. सुटलेला तो कणही पुडीत ठेवायचा.

मामा : बरं. रोटरचा आस मी नवा घालतो, जुना तुझ्या पुडीत. केसला बफ लावत नाही. डायलला हात लावत नाही. चार वर्षांनी परत आण, तेल बघू. पण एक गोष्ट मी अजून मानत नाही. काट्यांवर नवा थर भरलेलं घड्याळ कमी दर्जाचं, हे मला कधीच पटणार नाही. पाण्याखाली न उजळणारा काटा म्हणजे डायव्हर घड्याळाचा काटाच नव्हे.

भाची : ते तू मानू नकोस, मामा. मी किंमत लावताना तो काटा स्वस्त धरणार, आणि तू चालवताना महाग धरणार. दोघांनी खरं लिहिलं, तर घेणारा शहाणा आहे. काय हवंय ते त्याचं तो ठरवेल.

जुन्या डायव्हर घड्याळाची किंमत लावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. घड्याळ घेणार असाल, तर विकणाऱ्याला ‘हे मूळ आहे का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘यात काय काय बदललंय, केव्हा, आणि काढलेले भाग कुठे आहेत’ असं विचारा. उत्तर नीट, तपशिलाने, न अडखळता मिळालं तर पॉलिश झालेलं, काटे बदललेलं घड्याळही त्याच्या योग्य भावात निर्धास्त घ्या. उत्तर टाळलं, तर तपकिरी डायल कितीही देखणी असो, पैसे खिशातच ठेवा. आणि दुरुस्ती करणारे असाल, तर आज काढलेला प्रत्येक काटा, प्रत्येक डायल, प्रत्येक चावी तारखेसह ग्राहकाच्या हाती द्या. बनावटीला जागा मिळते ती नोंदी नसल्यामुळे. ती जागा पहिल्यांदा भरू शकतो तो बाकड्यावर बसलेला माणूस, कारण उघडं घड्याळ त्याच्याच समोर असतं.